बारा मिनिटं

नान्नजच्या अलीकडे, माळढोकच्या कुंपणाबाहेर
समरीन बागवान डोक्यावरून चादर घेऊन लॅपटॉपपाशी बसते,
उजेड बाहेर सांडू नये म्हणून.
आम्ही सात जण, तीन गाड्या,
कडक भाकरीचा एक डबा, शेंगाचटणी,
आणि मागे सोलापूरचा फुगवटा,
पूर्वी पिवळा होता, आता पांढरा,
दर वर्षी बोटभर वर चढणारा.

वाद नेहमीचाच.
मी म्हणतो, फिल्म.
विनय येमूल म्हणतो, काका, फिल्म थकते.
खरंय. पहिल्या मिनिटाला अधाशासारखा उजेड पिते,
मग घोट घोट,
मग लहान मुलासारखी तोंड फिरवते.
यांचे सेन्सर थकत नाहीत. तापतात फक्त.
म्हणून ही पोरं भिंगाला टोपण लावून
अंधाराचेही फोटो काढतात, वीस-वीस,
आणि अंधारातून अंधार वजा करतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो.

तसं मी फार हसू नये.
माझा बाप साखर पेठेत जकार्डचे पुठ्ठे पंच करायचा,
चादरीवरच्या मोरासाठी:
भोक, भोक नाही, भोक, भोक, नाही.
दिवसभर. अख्खा मोर त्याला क्वचितच दिसला.
"मग डिजिटल तुमच्याच घरातलं की," समरीन म्हणाली,
आणि मला चटणी एकदम तिखट लागली.

सत्त्याण्णवच्या मार्चात इथंच,
वायव्येला तो शेपटीवाला पाहुणा.
दोन सागवानी फळ्या, एक बिजागरी,
मागाच्या दुकानातून आणलेला लांब बोल्ट.
मिनिटाला एक फेरी.
सेकंद काट्याबरोबर मी बोल्ट पिळत होतो
श्वास आवरून,
पृथ्वी फिरतेय हे कॅमेऱ्याला कळू न देता.
बारा मिनिटांची फ्रेम, रोलमधली शेवटची.
आठव्या मिनिटाला रेवण हत्तुरे
गाडीतला थर्मास आणायला निघाला. टॉर्च लावून.

"टॉर्च बंद कर बे!"

फ्रेम गेली.
पाकिटावर मी लाल पेनाने लिहिलं: खराब.

समरीन मला समजावते, कंटाळा न करता:
एकशेवीस फ्रेम एकावर एक ठेवायच्या.
सगळ्यांत आहे ते राहतं.
एकदाच आलं ते, विमान, उपग्रह, काजवा,
सॉफ्टवेअर गाळून टाकतं.
माणूस आला तर?
"एकदाच आला तर जाणारच, काका,"
स्क्रीनवरून नजर न काढता.

रेवणला जाऊन दोन वर्षं झाली.
घरी ट्रंकेत पाकीट सापडलं,
निगेटिव्हच्या कडेला बुरशीची नक्षी.
समरीनने स्कॅन केली, बुरशी पुसली, धूळ पुसली,
खालच्या रेघेपाशी तिचा बाण थांबला.
"ही ठेवायची ना?"
तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

मग तिने ती मोठी केली. अजून मोठी.
स्टुडिओतल्या माझ्या भिंगाला
तीस वर्षांत दिसलं नसतं एवढी.
रेघ सरळ नाही. दर दुसऱ्या पावलाला
किंचित खाली जाते. डावा पाय ओढायचा तो.
अशी अकरा-बारा पावलं,
आणि एका जागी कापल्यासारखी संपते.
पुढे फ्रेमच्या कडेपर्यंत
गवत, आणि नुसता काळोख.

"इथं सेल संपला का टॉर्चचा?"
नाही, म्हटलं. इथं मी ओरडलो.

गाडी तिथून पन्नास पावलं तरी असेल.
मधे बाभळीचे काटे, एक चर.
तो तसाच गेला असणार, चाचपडत.
कारण चहा आला होता, मला आठवतं,
स्टीलच्या झाकणात, वाफ येत असलेला,
आणि मी हात पुढे केला नव्हता.